स्वयंपाकघराशेजारचा कोपरा

४ मार्च

वहिनी,

नमस्कार गृहीत धरा. पत्र लिहितेय, कारण फोनवर माझा आवाज चढला की तुम्ही फोन भाऊजींच्या हातात देता आणि भाऊजी हवापाण्याचं विचारतात.

काल छोटीशी बोलले. ती म्हणाली, "आई, माझी शी पाणी झाली." मी विचारलं, कधी? ती म्हणाली, "खूप." अडीच वर्षांच्या मुलीला काल आणि परवा कळत नाही. तुम्हाला कळतं. गुरुवारी तुम्ही म्हणालात, छोटी मजेत आहे. शुक्रवारी म्हणालात, झोपली आहे. भर दुपारी झोपली आहे म्हणालात, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

तिला तुमच्याकडे का ठेवलं ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिते. या हॉस्टेलात मुलं चालत नाहीत. तिचा बाप जहाजावर. कारखान्यात कायम व्हायचं तर वर्षभर एकही खाडा नको. आणि माझी सख्खी जाऊ घराच्या खालच्या मजल्यावर पाळणाघर चालवते. रात्री वर झोपायचं, दिवसा खाली खेळायचं. सगळे म्हणाले, नशीब काढलंस.

काय झालं, केव्हापासून झालं आणि आणखी कोणाला झालं ते लिहा. मी दिवसभर चष्म्याच्या काचा उजेडात धरून तपासते. ओरखडा दिसला की तो कोणत्या यंत्रावर पडला ते शोधल्याशिवाय मला जागचं उठता येत नाही. तेव्हा "काळजी करू नकोस" एवढ्यावर माझी बोळवण होणार नाही.

धाकटी


८ मार्च

धाकटे,

ह्यांना पत्र वाचून दाखवलं. म्हणाले, "ही कागदावरही ओरडते." मग कपाळाला हात लावून बाहेर गेले.

छोटीला जुलाब झाले, एक दिवस अंग तापलं. मीठसाखरेचं पाणी पाजलं, डॉक्टरला दाखवलं. आता खाते आहे, भांडते आहे, काल माझ्या चष्म्यावर बसली. तुला कळवलं नाही, कारण कळवून काय होणार होतं? काचा टाकून धावत आली असतीस. आल्यावर माझ्यावर ओरडली असतीस. ते तू तिथूनही छान करतेस.

साथ आहे. पोरं म्हटली की पोटं बिघडणारच. खालच्या निम्म्याहून जास्त पोरांना झालं. पण मी हातावर हात धरून बसलेली नाही. आजारी पोरांना मी वेगळं काढते. स्वयंपाकघराला लागून जो कोपरा आहे ना, तिथे पडदा लावला आहे. चुलीची ऊब लागते, गलका पोचत नाही, आणि मावशी हाताशी असते. मावशी आपली स्वयंपाकीण, पण पोरांना तिच्याच हाताचा गुण येतो. बाकीच्या मुली लंगोट बदलताना नाकं मुरडतात. मावशी गाणं म्हणते. पोर रडायचं थांबतं.

आणखी कोणाला म्हणशील तर कंडक्टरबाईंच्या बाळाला. त्या सकाळी घेऊन आल्या तेव्हाच त्याला होत होतं. म्हणाल्या, "आज गेले नाही तर गाडी दुसरीला देतील." बाळ सात महिन्यांचं. घरी म्हणशील तर चार भिंती. मी घेतलं. अशा बाईच्या तोंडावर दार लावायला माझा हात धजत नाही.

आता शांत हो. जेवतेस ना वेळेवर?

वहिनी


१२ मार्च

वहिनी,

म्हणजे ओरखडा सापडला.

ज्या बाळाला होत होतं ते तुम्ही आत घेतलंत आणि माझ्या मुलीला झालं. एवढी सरळ गोष्ट "साथ आहे" म्हणून पांघरूण घालून झोपवलीत. दया तुम्ही केलीत, निस्तरली छोटीने. लोकांच्या पोरांसाठी तुमचं काळीज तुटतं, ते बघून माझे डोळे भरून आले असं लिहू का?

कंडक्टरबाईंचा नंबर माझ्याकडे होता. छोटीचा वाढदिवस केला होता तेव्हा घेतलेला. मी फोन केला. मागे गाडीची घंटा वाजत होती. मी म्हटलं, "बाई, स्वतःच्या पोराची घाण दुसऱ्यांच्या पोरांत वाटत फिरू नका. लाज असेल तर घरी बसा." त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "थांबा आला, ठेवते."

कोणीतरी सांगायला हवंच होतं. तुमच्याच्याने झालं नसतं.

पुन्हा असं काही झालं तर मी छोटीला घेऊन जाईन. जेवते मी वेळेवर.

धाकटी


१९ मार्च

धाकटे,

तुझ्या फोनच्या दुसऱ्या दिवशी कंडक्टरबाई आल्या. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. बाळाची दुपटी, बाटली, खुळखुळा मागून घेतला. मी म्हटलं, असं काय करता. म्हणाल्या, "नको ताई. माझ्यापायी तुम्हाला बोल नको."

बाळ शेजारणीकडे ठेवलं. शेजारीण म्हातारी, मनाने चांगली. तिला वाटलं, वरून पाणी घातलं की खालून येणार. म्हणून तिने पाणीच तोडलं. संध्याकाळी आई परतली तेव्हा बाळाचे डोळे खोल गेले होते. रडत होतं, पण डोळ्यांत टिपूस नव्हतं.

हॉस्पिटलात आहे. हाताला शीर सापडली नाही, म्हणून डोक्यात सुई लावली आहे. मी बघून आले. कंडक्टरबाई गणवेशातच बसून होत्या. मला बसायला जागा करून दिली.

तू फोन करायच्या आधी मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं की ह्या बाळाच्या आधी दोन पोरांना झालं होतं. विचारलं नाहीस. काच असती तर डब्यात टाकून मोकळी झाली असतीस.

छोटी बरी आहे.

वहिनी


२२ मार्च

वहिनी,

बाळ कसं आहे? आधी ते लिहा, शिव्या मागून द्या.

माझ्या वाट्याचं मी घेते. सगळंच माझ्या पदरात घालू मात्र नका. आधी दोन पोरांना झालं होतं हे पहिल्या पत्रात लिहिलं असतंत तर मी फोन कोणाला केला असता? तुम्ही अर्धं सांगता आणि उरलेल्या अर्ध्यावर दुसरा घसरला की वर तोंड करून रागावता.

आणि एक समजत नाही. कामावर तेच डोक्यात घोळतंय. आजारी मुलं पडद्यामागे होती. छोटी पडद्याबाहेर होती. मग पडद्याबाहेरच्यांना कसं झालं? निम्म्याहून जास्तांना? पडद्याला पाय फुटले का?

मला "मुलांमध्ये येतंच" हे उत्तर नको. येतं कसं ते सांगा.

धाकटी


३० मार्च

धाकटे,

बाळाच्या डोक्यातली सुई काढली. दूध घेतं. परवा घरी सोडतील.

तुझा पडद्याचा प्रश्न मला फार झोंबला. पत्र दोनदा फेकलं, दोनदा उचललं. मग आरोग्य खात्याची परिचारिका तपासणीला आली, तेव्हा तिला तोच प्रश्न विचारला, जणू माझाच.

धिप्पाड बाई. बोलणं तुटक. पोरांच्या बुटक्या खुर्चीवर बसली, खुर्ची करकरली, पोरं खिदळली. ही हसली नाही. सगळं बघितलं आणि म्हणाली, "एक बाहुली द्या. आणि निळा खडू."

खडू कुटून तिने बाहुलीच्या लंगोटाला आतून चोळला. बाहुली मावशीच्या हातात दिली. "हिला जुलाब झालेत समजा. रोज करता तसंच करा. मी बघतेय म्हणून जास्त नीट नको."

मावशीने गाणं सुरू केलं. लंगोट सोडला, बाहुली पुसली, लंगोट बादलीत टाकला. पडदा सारून मोरीत आली. नळ उघडला, साबण लावला, बोटांच्या बेचक्यांतून चोळून हात धुतले. मी मनात म्हटलं, बघ बाई, काय काढतेस यात. मावशीने नळ बंद केला. आत बाळ कुरकुरलं म्हणून पडदा सारून डोकावली, परत आली. फळीवरचा डबा काढला, केळं सोललं, कुस्करलं, वाट्यांत घातलं. जाता जाता छोटीचं तोंड बोटाने पुसलं.

परिचारिका उठली आणि खिडकी सताड उघडली.

नळाची चावी निळी. पडद्याची कड निळी, हात लागतो तेवढीच. डब्याचं झाकण निळं. वाट्यांच्या काठांवर निळं. छोटीच्या हनुवटीवर निळा ठिपका.

परिचारिका म्हणाली, "हात उत्तम धुतले. पण नळ घाणेरड्या हाताने उघडला आणि तोच नळ धुतलेल्या हाताने बंद केला. पडद्याचंही तेच. पण ते सगळं नंतरचं. जी पुसते तिनेच भरवायचं, हे कोणी ठरवलं?"

मी पडद्याची निळी कड बघत होते.

"आजारी मुलांना वेगळं काढलंत ते ठीक. ठेवलंत कुठे? स्वयंपाकघराच्या दारात. आणि त्यांना दिलंत कोणाला? सगळ्यांचं अन्न शिजवते तिला."

मी विचारलं, आणलं कोणी आधी? तर म्हणाली, "ते शोधू नका. ज्याला काहीच झालं नाही असं एखादं मूलही घेऊन आलं असेल. आणणारं कोणी ना कोणी रोज येणार. एकाचं बाराजणांना कसं गेलं, तेवढं तुमच्या हातात आहे."

मावशी हात पुढे धरून उभी होती. ओले, स्वच्छ हात. म्हणाली, "म्हणजे माझ्या हाताने?"

उत्तर मी द्यायचं होतं. तिला तिथे मी बसवलं होतं.

वहिनी


३ एप्रिल

वहिनी,

पत्र वाचून जेवण गेलं नाही.

मी इथे काचेला बोट लागलं तर ती काच परत धुवायला पाठवते. काच! आणि तिथे माझ्या मुलीच्या पोटात बारा घरची घाण घालत होते, तेही गाणं म्हणत. मावशी गुणी असतील, हाताला गुण असेल. तो गुण आता सगळ्यांनी बघितला. त्यांना घरी बसवा. स्वयंपाकाला दुसरी बाई मिळेल. म्हातारं माणूस, वर्षानुवर्षांची सवय, आज सांगाल आणि उद्या विसरतील.

तुम्हाला जमणार नाही हे मला माहीत आहे. तुम्हाला कोणाला नाही म्हणताच येत नाही. तुमचा चांगुलपणा म्हणजे सगळ्यांना खूश ठेवायचं, आणि मग हॉस्पिटलात जाऊन बाळाला बघून यायचं.

त्यांना काढा, नाहीतर मी छोटीला घेऊन जाते. दुसऱ्यांदा लिहितेय.

कंडक्टरबाईंना मी फोन केला होता. उचलला नाही.

धाकटी


१० एप्रिल

धाकटे,

मावशीला काढणार नाही.

तुला कोणीतरी काढायला लागतं. आधी कंडक्टरबाई, आता मावशी. मला काढायचं राहिलं, ते पुढच्या पत्रात येईल. चूक मांडणीत होती, आणि मांडणी माझी. मावशी सांगितलं तेवढंच करत होती, आणि जीव लावून करत होती. आता सांगितलंय वेगळं. ती स्वयंपाकघरात, मी लंगोटांना. जी पुसेल तिने चुलीकडे फिरकायचं नाही, जी शिजवेल तिने लंगोटाला शिवायचं नाही. पडदा काढला. लंगोट बदलायची जागा पुढच्या दाराशी नेली, तिथे वेगळं बेसिन बसवलं. नळाला लांब दांडा आहे, कोपराने ढकलायचा. मावशी पहिले दोन दिवस रुसून बसली. पोर रडलं की धावायची, दारात येऊन थबकायची, पदर दातात धरून तिथूनच गाणं म्हणायची. आता पोरांना तेही पुरतं.

आणि दार लावायला शिकले. जुलाब होणारं मूल आत नाही. थांबल्यावर दोन दिवस पुरे होईपर्यंत नाही. तुला वाटतं मला नाही म्हणता येत नाही. येऊन बघ एकदा सकाळी.

एकीने पोराला जुलाब थांबायचं औषध पाजून आणलं. दुपारी औषधाचा जोर उतरला. बोलावून घेतलं तर दारातच सुरू झाली. "ताई, तुमचं बरं आहे, घरबसल्या चालतं. माझा साहेब काय माझा मामेभाऊ लागतो, समजून घ्यायला?"

मी म्हटलं, "साहेबाचा नंबर दे."

"कशाला?"

"दे तर."

दिला. त्या साहेबाला मी जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. पोर आजारी पडलं की आईचा दिवस कापायचा, म्हणून ती औषध पाजून आणते, म्हणून बारा पोरं आजारी पडतात, म्हणून आणखी बारा आयांचे दिवस जातात. एवढा हिशेब ज्याला येत नाही त्याला साहेब केलं कोणी, असं शेवटी विचारलं. ह्यांनी फोन घ्यायला हात पुढे केला. दिला नाही. तुझ्याकडून काही शिकले म्हण. फक्त ओरडायचं कोणावर, ते मी जरा वर बघून ठरवलं.

आता तुझं.

मावशी लंगोटांतून गेली म्हणजे दोन हात कमी झाले. आहेत तेवढी मुलं ह्या पद्धतीने होत नाहीत. चौघांना नाही म्हणायचं आहे. कंडक्टरबाईंकडे मी स्वतः गेले आणि बाळाला परत मागितलं. त्यांना दुसरं कोणी नाही. त्यांच्यासाठी जागा धरली.

चौघांतलं पहिलं नाव छोटीचं.

दिवसा वर कोणी नसतं, म्हणजे ती खालच्यांतच मोजावी लागते. उरलेल्या तिघींना सांगताना मला म्हणता आलं पाहिजे, की घरचं मूल आधी काढलं. तुला सूड वाटेल. थोडा असेलही. तू दोनदा लिहिलंस, घेऊन जाते. ये, घेऊन जा.

तिचे कपडे धुऊन ठेवते. तू येशील तेव्हा मी खाली कामात असेन. मला हाक मारू नकोस.

वहिनी


२ मे

वहिनी,

हाक मारली नाही. तुम्ही सांगितलं म्हणून नाही. मारली असती तर भांडण झालं असतं आणि गाडी चुकली असती. छोटीने मारली. तुम्ही दोन्ही हात वर धरून उभ्या होतात, कोपरापर्यंत साबण. जवळ आला नाहीत. तिने गाडीत बसेपर्यंत विचारलं, "काकू रागावली?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "कोणावर?" मी तिला खिडकीबाहेरची गाय दाखवली.

हॉस्टेल सोडलं. सायकलच्या दुकानावर एक खोली घेतली आहे. कारखान्याने सोमवारपर्यंत मुदत दिली होती. तेवढ्यात पाळणाघर शोधायचं होतं.

पहिल्यात भिंतीवर मासे रंगवलेले. दर खोलीत कॅमेरा. मॅडमनी सगळं दाखवलं. मी विचारलं, लंगोट कोण बदलतं आणि जेवण कोण देतं? म्हणाल्या, "जी मोकळी असेल ती." मी छोटीला उचललं. दुसऱ्यात दर दाराशी जंतू मारायच्या चिकट औषधाच्या बाटल्या, हातावर घ्या आणि चोळा. मुलांचं बेसिन कुठे म्हटलं, तर त्यात खेळणी भरून ठेवलेली. तिसऱ्यात मी इतके प्रश्न विचारले की तिथल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात का?" मी म्हटलं, "नाही, मी जाऊ आहे." त्यांना कळलं नाही. मला समजावून सांगायला वेळ नव्हता.

चौथं एका गल्लीच्या टोकाला. दोन खोल्या, रंग उडालेला. दारातच एक बारकी बाई उभी. तिने मला काही विचारूच दिलं नाही. "पोट कसं आहे हिचं?" मी सांगितलं, सकाळी एकदा पातळ झालं. प्रवास, बदललेलं पाणी. म्हणाली, "मग आज नाही. थांबलं की दोन दिवस जाऊ द्या, मग या."

मी तिच्यावर ओरडले. एकदाच झालंय म्हटलं. सोमवारी हजर झाले नाही तर नोकरी जाईल म्हटलं. तुम्हाला मुलं नाहीत का म्हटलं. गल्लीतली माणसं बघायला लागली. ती चौकटीला हात लावून तशीच. म्हणाली, "ओरडा. दार लागेल तरीही."

परत आले. रात्री छोटीला आणखी दोनदा झालं. रविवारी पुन्हा झालं, तापही आला.

म्हणजे आत घेतली असती तर कोणाचं तरी बाळ होतं तिथे. मी बघितलं होतं, तिच्या पायांमागे रांगत होतं.

सोमवारी कारखान्यात गेले नाही. सुपरवायझर म्हणाला, वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजू. मी त्याला जे म्हणायचं ते म्हटलं. त्याच्या वरच्यालाही म्हणणार आहे, लेखी.

छोटी आता बरी आहे. पाणी पाजत राहिले. परवा दोन दिवस पुरे होतात. त्याच बाईकडे घेऊन जाणार आहे. दुसरीकडे ठेवणार नाही.

तुम्ही मला आधी कळवलं नाहीत, अर्धं सांगितलंत आणि माझ्या मुलीला घराबाहेर काढलंत. यातलं काही मी विसरलेली नाही आणि विसरायचा विचारही नाही. तिची जागा त्या बाळाला दिलीत ते बरोबर केलंत. भाऊजींना हे वाचून दाखवू नका, आणि मला पुन्हा कधी विचारलंत तर मी असं काही लिहिलं नव्हतं म्हणेन.

धाकटी